दूताचा ‘मी’ : यहुदी व ख्रिस्ती विचारातील देवदूतांचे इच्छास्वातंत्र्य

तौलनिक धर्मविचारावरील पाठ्यपुस्तकांत एक विधान वारंवार आढळते. यहुदी मताप्रमाणे देवदूतांना इच्छास्वातंत्र्य नाही, ख्रिस्ती मताप्रमाणे ते आहे. म्हणूनच ख्रिस्ती परंपरेत काही देवदूतांचे पतन होऊ शकले, यहुदी परंपरेत ते संभवत नाही. पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांत हे विधान मी इतक्या वेळा वाचले आहे की, आता ते वाचण्यापूर्वीच ओळखू येते. ते सर्वस्वी खोटे आहे असे मला म्हणावयाचे नाही. परंतु त्यात ‘देवदूत’ हा शब्द दोन्हीकडे एकाच वस्तूचा वाचक आहे असे गृहीत धरलेले असते, आणि ‘इच्छास्वातंत्र्य’ म्हणजे काय हे तर कोणी विचारीतच नाही. धर्मशास्त्र हा माझा विषय नव्हे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या प्रांतात पाऊल टाकावयाचे ते शब्दांचा हात धरूनच; आणि तसे टाकले असता, हा वाद देवदूताच्या स्वभावापेक्षा त्याच्या तोंडच्या प्रथमपुरुषी सर्वनामाविषयी अधिक आहे असे दिसू लागते.

प्रथम मूळ शब्द पाहू. हिब्रूतील ‘मलाख्’ हा शब्द ज्या धातूपासून आला तो हिब्रू बायबलात क्रियापदाच्या रूपाने कोठेही आढळत नाही. परंतु युगारिती व गीझ या भगिनीभाषांत तो ‘पाठविणे’ या अर्थाने आढळतो. त्याच धातूचे दुसरे अपत्य म्हणजे ‘मलाखा’ : काम, शब्बाथाच्या दिवशी जे वर्ज्य ते काम. तेव्हा मलाख् म्हणजे कामगिरीवर धाडलेला. तो कशाचा बनलेला आहे, मर्त्य की अमर्त्य, याविषयी शब्द मौन पाळतो. उत्पत्तीच्या बत्तिसाव्या अध्यायात याकोबाला वाटेत देवाचे मलाख् भेटतात, आणि अवघ्या काही ओळींनंतर तो स्वतः एसावाकडे मलाख् पाठवितो. शब्द एकच. ग्रीक भाषांतरकारांनी दोन्हीकडे ‘अंगेलोस’ हा निरोप्याचा साधा शब्द ठेवला. जेरोमने मात्र चौथ्या शतकाच्या अखेरीस सिद्ध होऊ लागलेल्या लॅटिन भाषांतरात वाटणी केली : देवाचे ते ‘अंगेलुस’, याकोबाचे ते ‘नुन्तियुस’. या क्षणी पदनामाचे जातिनाम झाले. उलट अकराव्या शतकातील भाष्यकार रशी याच ठिकाणी, जुन्या मिद्राशाला अनुसरून, याकोबाने खरोखरचे देवदूतच पाठविले असे म्हणतो. हे वाचन हिब्रूतच सुचू शकते. लॅटिन वाचकाला त्याची वाटच बंद झालेली असते.

ऑगस्टीनच्या हे लक्षात आले होते. ‘अंगेलुस’ हे अधिकाराचे नाव आहे, स्वभावाचे नव्हे. स्वभावाने ते चैतन्यरूप आहेत आणि पाठविले जातात तेव्हा दूत ठरतात, असे त्याने आपल्या श्रोत्यांना बजावले. ज्याअर्थी बजवावे लागले, त्याअर्थी श्रोते विसरत चालले होते. आपल्या मराठी ‘देवदूता’तही हीच अडचण सुप्त आहे. देवाचा दूत असा षष्ठी तत्पुरुष सोडविला तर ते पद होते; देव असा दूत असा कर्मधारय सोडविला तर ती जात होते; आणि बहुतेक वाचक समास न सोडविताच पुढे जातात.

हा भेद व्यर्थ पांडित्य नव्हे. ‘इच्छा स्वतंत्र आहे का’ हा प्रश्न जातीविषयी विचारता येतो, पदाविषयी विचारता येत नाही. टपालवाल्याला इच्छास्वातंत्र्य आहे का, असे कोणी विचारीत नाही. माणसाला आहे का, असे विचारतात. टपालवाल्याविषयी फार तर एवढेच विचारता येते की, त्याने पत्र पोचविले की उघडून वाचले? हिब्रू बायबलातील बहुतेक मलाख् या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाच्या कक्षेत राहतात. रब्बींनी तर नियमच घालून दिला : एक दूत दोन कामगिऱ्या करीत नाही, दोन दूत मिळून एक करीत नाहीत. अब्राहामाकडे तिघे का आले, याचे तालमूदमधील उत्तर या नियमावर उभे आहे. मिखाएल साराला पुत्राची वार्ता देण्यासाठी, राफाएल अब्राहामाला बरे करण्यासाठी, गाब्रिएल सदोम उलथण्यासाठी. कामगिरी मोजली की दूत मोजले गेले. देवाच्या सिंहासनाखालील अग्निनदीतून रोज नवे देवदूत निर्माण होतात, स्तवन गातात आणि लय पावतात, ही तालमूदमधील कल्पना याच विचाराचे टोक होय. तेथे दूत आणि त्याचे गीत यांत काही अंतरच उरत नाही.

एवढ्यावर थांबलो तर पाठ्यपुस्तकाचे विधान सिद्ध झाले असे वाटेल. परंतु त्याच रब्बींनी सदोमच्या कथेत एक विलक्षण फट शोधून काढली आहे, आणि माझ्या मते या साऱ्या चर्चेचे मर्म त्या फटीत आहे. उत्पत्तीच्या एकोणिसाव्या अध्यायात दूत लोटाला सांगतात की, आपण या स्थळाचा नाश करीत आहोत. बेरेशीत रब्बा या, सुमारे पाचव्या शतकात पॅलेस्टाइनमध्ये सिद्ध झालेल्या मिद्राशात या उद्गारावर दोष ठेवला आहे : त्यांनी ‘आम्ही’ म्हटले. या अहंतेमुळे त्यांना आपल्या स्थानापासून १३८ वर्षे हद्दपार करण्यात आले. याकोबाने स्वप्नात जी शिडी पाहिली तिच्यावरून दूत आधी चढतात आणि मग उतरतात. स्वर्गातून येणारे आधी उतरले पाहिजेत. मिद्राशाचे उत्तर असे की, हे चढणारे म्हणजे शिक्षा भोगून परतणारे ते सदोमचे दूत.

मूळ हिब्रू वचन पाहिले तर आरोप कठोर वाटतो. त्याच वचनाच्या उत्तरार्धात दूत स्वच्छ सांगतात की, परमेश्वराने आपल्याला नाशासाठी पाठविले आहे. म्हणजे प्रयोजकाचा उल्लेख झालेला आहे. फक्त तो मागाहून झाला. आधी क्रिया आणि ‘आम्ही’, मग परमेश्वर. रब्बींनी शिक्षा दिली ती शब्दक्रमाला! एखाद्या वैयाकरणाने याहून सूक्ष्म निवाडा केला असता असे मला वाटत नाही.

येथे आपल्या व्याकरणपरंपरेची एक संज्ञा उपयोगी पडते. क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता, असे पाणिनी म्हणतो, आणि लगेच पुढच्या सूत्रात त्या कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्यालाही कर्ता हीच संज्ञा देतो. पाठविणारा प्रयोजक आणि पाठविलेला प्रयोज्य, असे दोन कर्ते एका क्रियेत नांदतात. प्रवृत्त केला गेला म्हणून प्रयोज्याचे कर्तृत्व संपत नाही. सदोमच्या दूतांचा प्रमाद म्हणजे प्रयोज्य कर्त्याने प्रयोजकाच्या जागी उभे राहणे. आणि असा प्रमाद ज्याच्या हातून घडू शकतो, ज्याला त्याबद्दल शिक्षा होऊ शकते, तो केवळ साधन असणार नाही. कुऱ्हाडीला कोणी हद्दपार करीत नाही.

मग ‘यहुदी देवदूतांना इच्छास्वातंत्र्य नाही’ हे मत आले कोठून? ते बव्हंशी एका वेगळ्या विधानाच्या गफलतीतून आले आहे. रब्बी म्हणतात ते असे की, देवदूतांना ‘येत्सेर हा-रा’ म्हणजे दुष्ट प्रवृत्ती नाही. याचाही आधार अक्षराचा आहे. हिब्रूत हृदयाला ‘लेव’ आणि ‘लेवाव’ असे दोन शब्द आहेत; दुसऱ्यात ‘बेत’ हे अक्षर दोनदा येते. संपूर्ण हृदयाने देवावर प्रीती करण्याच्या आज्ञेत दोन ‘बेत’ असलेले रूप आहे, म्हणून मिश्नाने अर्थ लावला की, सुष्ट व दुष्ट अशा दोन्ही प्रवृत्तींनी. अब्राहाम पाहुण्यांना जेवून मन तृप्त करण्याचा आग्रह करतो तेथे मात्र एकच ‘बेत’ आहे. त्यावरून रब्बी आहा यांनी काढलेला निष्कर्ष असा की, हे पाहुणे देवदूत, यांच्या हृदयात दुसरी प्रवृत्ती नाही. तालमूदमध्ये मोशे धर्मशास्त्र घेण्यास वर जातो तेव्हा देवदूत हरकत घेतात, आणि तो त्यांना विचारतो : तुम्ही मिसरात दास होता काय? तुम्हांला आईबाप आहेत काय? तुमच्यात मत्सर, तुमच्यात दुष्ट प्रवृत्ती आहे काय? मग या आज्ञा तुम्हांला कशाला हव्यात? देवदूत निरुत्तर होतात.

पण हा प्रसंग नीट वाचावा. दुष्ट प्रवृत्ती नसलेले हे देवदूत हरकत घेतात, वाद घालतात, आणि पटल्यावर मत बदलतात. मनुष्याच्या निर्मितीच्या वेळीही ते गट करून भांडले, असे मिद्राश सांगते. प्रवृत्ती नसणे म्हणजे इच्छा नसणे नव्हे. पाठ्यपुस्तकांनी ही दोन पदे एक केली आणि मग त्यावर दोन धर्मांतील भेदाची इमारत उभारली.

पतनाची कथा यहुदी परंपरेत नव्हती, हे तर इतिहासाला सोडून आहे. हनोखच्या ग्रंथातील ‘पहारेकऱ्यांचा’ भाग इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. मानवकन्यांवर मोहित झालेले दोनशे स्वर्गीय पहारेकरी हेर्मोन पर्वतावर उतरतात. त्यांचा नायक शेमिहाझा याला भीती वाटते की, आयत्या वेळी इतर मागे सरतील आणि पापाचा धनी आपण एकटेच होऊ. म्हणून सर्वजण शपथेने एकमेकांना बांधून घेतात. (पर्वताच्या नावावर येथे श्लेष आहे : ‘हेरेम’ म्हणजे शापबद्ध शपथ.) इच्छास्वातंत्र्याचा याहून भक्कम पुरावा कोणत्याही तात्त्विक प्रबंधात मला आढळलेला नाही. ज्याला मागे फिरता येत नाही त्याला शपथ घालावी लागत नाही. हा ग्रंथ संपूर्ण स्वरूपात गीझ भाषेत टिकला. परंतु कुमरानच्या चौथ्या गुहेत सापडलेले त्याचे आरामी तुकडे मिलिक यांनी १९७६ साली प्रसिद्ध केले, आणि तो यहुदी मंडळींतच वाचला जात होता याविषयी शंका उरली नाही. कैरोच्या गनीझातून मिळालेला व शेख्टर यांनी १९१० मध्ये छापलेला ‘दमास्कस’ लेखही, आपल्या हृदयाच्या हट्टाने चालल्यामुळे पहारेकरी पडले, असेच सांगतो.

तेव्हा रब्बींचे मत हा आरंभबिंदू नव्हे, ती प्रतिक्रिया आहे. ख्रिस्ती लेखकांनी हनोखची कथा उचलली. नव्या करारातील यहूदाच्या पत्रात तिचे पडसाद स्पष्ट आहेत. दुसऱ्या शतकाच्या मध्यानंतर जस्टिनने लिहिलेल्या संवादात त्रिफो हा यहुदी प्रतिपक्षी नेमकी हीच तक्रार करतो की, तुम्ही देवदूतांनी पाप केले म्हणता, हे देवाची निंदा करणे होय. त्याच शतकातील रब्बी शिमोन बार योहाय ‘देवपुत्र’ या पदाचा अर्थ ‘न्यायाधीशांचे पुत्र’ असा लावतात आणि शब्दशः अर्थ करणाऱ्याला शाप देतात. एका षष्ठीच्या अर्थासाठी शाप द्यावा लागतो, तेव्हा त्या षष्ठीत काहीतरी फार मोलाचे अडकलेले असते. आठव्या शतकाच्या सुमारास ‘पिर्के द रब्बी एलिएझर’ या ग्रंथात पतित देवदूत पुन्हा अवतरतात, म्हणजे शाप पुरला नाही.

सैतानाची गोष्ट थोडक्यात उरकता येते, कारण तिचे स्वरूप तेच आहे. ईयोबाच्या ग्रंथात हा शब्द निश्चयवाचक उपपदासह येतो : ‘हा-सातान’, तो फिर्यादी, दरबारातील एक पद. बलामाच्या वाटेवर उभा राहणारा परमेश्वराचा दूतच तेथे ‘सातान’ म्हणजे आडवा येणारा होतो. पहिल्या इतिहासग्रंथात उपपद गळते, आणि विशेषनाम जन्माला येण्याची शक्यता निर्माण होते. यशयाने बाबेलच्या राजाला उपरोधाने दिलेले प्रभाततारा हे उपपदही लॅटिनमध्ये ‘लुसिफेर’ झाले, आणि ओरिगेनसारख्या भाष्यकारांच्या हाती पतित देवदूताचे वर्णन ठरले. पदांची नावे झाली की नावांना चरित्रे लागतात, आणि चरित्राला निवडीचा एक क्षण लागतो.

तो क्षण ख्रिस्ती विचाराने पुरविला. तिसऱ्या शतकातील ओरिगेनने तो सर्वांत उदारपणे पुरविला : सर्व बुद्धिमान जीव समान निर्माण झाले, आणि देवदूत, मनुष्य, पिशाच हे भेद प्रत्येकाच्या निवडीने पडले, पुढेही पडू वा मिटू शकतात. चर्चला हे मानवले नाही. १२१५ च्या चौथ्या लातेरान परिषदेने सूत्र ठरविले ते असे की, पिशाचे देवाने स्वभावतः चांगली निर्मिली, ती स्वतःहून दुष्ट झाली. यातील ‘स्वतःहून’ या शब्दाचा अर्थ काय, या प्रश्नाला सर्वांत प्रामाणिकपणे भिडलेला ग्रंथ मात्र त्यापूर्वीचा, १०८० नंतरच्या दशकात अन्सेल्मने लिहिलेला ‘सैतानाच्या पतनाविषयी’ हा गुरुशिष्यसंवाद होय.

शिष्य विचारतो : जे काही आहे ते देवाने दिलेले, मग टिकून राहण्याचे बळ देवाने त्या दूताला दिले नसेल, तर दोष कोणाचा? गुरूचे उत्तर उलटे आहे : दिले नाही म्हणून त्याने घेतले नाही असे नव्हे, त्याने घेतले नाही म्हणून दिले गेले नाही. यानंतर अन्सेल्म एक कल्पनाप्रयोग करतो. समजा, देव एक देवदूत टप्प्याटप्प्याने घडवीत आहे, आणि त्याने त्याला प्रथम फक्त सुखाची इच्छा दिली. तो सुखच इच्छील. त्याची इच्छा न्याय्यही नाही, अन्याय्यही नाही. फक्त न्यायाची इच्छा दिली तरी तसेच. दोन इच्छा एकत्र असतील, आणि एक दुसरीला आवर घालू शकेल, तेव्हाच त्या दूताला न्यायी म्हणता येते.

बेरेशीत रब्बाचा एक ‘बेत’ असलेला देवदूत आणि अन्सेल्मचा एकाच इच्छेचा देवदूत यांत वर्णनाचा फरक जवळजवळ नाही. अन्सेल्मने मिद्राश वाचला होता असे मी सुचवीत नाही. दोघांनी एकच प्राणी डोळ्यांपुढे आणला : द्विधा नसलेला. रब्बी म्हणाले, म्हणूनच त्याला धर्मशास्त्राची गरज नाही. अन्सेल्म म्हणाला, म्हणूनच तो अपुरा आहे. दुसरी इच्छा एकाकडे ‘दुष्ट’ ठरते आणि दुसऱ्याकडे सुखाची साधी ओढ, हा भेद खरा. परंतु त्याच मिद्राशात, दुष्ट प्रवृत्ती नसती तर कोणी घर बांधले नसते, लग्न केले नसते, मुले झाली नसती, असेही म्हटले आहे. तेव्हा हे अंतरही दिसते तेवढे मोठे नाही. आणि त्या दूताने नको ते का इच्छिले, या अखेरच्या प्रश्नावर अन्सेल्म कबूल करतो की, त्याने इच्छिले याखेरीज त्याला कारण नाही. पुढच्या पुष्कळ पंडितांपेक्षा मला ही कबुली अधिक मोलाची वाटते.

थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात हा क्षण आणखी आकुंचित केला. त्याच्या मते देवदूताला इच्छास्वातंत्र्य आहे, मनुष्याहून श्रेष्ठ प्रतीचे आहे. पण त्याचे ज्ञान आपल्यासारखे पायरीपायरीने चालत नाही, तो वस्तू एकदम व अचलपणे जाणतो. म्हणून निवडीपूर्वी तो दोन्हीकडे वळू शकतो, निवडीनंतर नाही. पश्चात्तापाला नव्याने विचार करावा लागतो; देवदूताच्या विचाराला नवे असे काही उरत नाही. एक क्षण, एक निवड, आणि मग अनंतकाळ तीच.

याचा परिणाम काय होतो पाहा. त्या एका क्षणानंतरचा अक्वायनसचा सुष्ट देवदूत पाप करू शकत नाही, आज्ञा मोडू शकत नाही, तरीही तो ‘स्वतंत्र’ आहे, कारण पाप करण्याची शक्ती ही स्वातंत्र्याची व्याख्याच नव्हे. (हे अन्सेल्मनेही आधीच सांगून ठेवले होते, नाहीतर देवच परतंत्र ठरेल.) नित्याच्या व्यवहारात हा दूत आणि रब्बींचा दूत शेजारी उभे केले तर ओळखता यायचे नाहीत. किंबहुना रब्बींचा दूत अधिक चुकतो. तो ‘आम्ही’ म्हणून जातो आणि १३८ वर्षांनी परततोही. ख्रिस्ती दूताला अशी परतीची शिडी नाही. स्वातंत्र्य कोणाला जास्त, या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकी उत्तर येथे उलटे पडते.

गोव्यातील नवख्रिस्ती वाचकांसाठी टॉमस स्टीफन्सने १६१६ साली आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’त लुसिफेरच्या पतनाची कथा ओवीबद्ध केली तेव्हा ती याच मध्ययुगीन घडणीतून आली होती. मराठी भाषेत देवदूतांचा विचार पतनाच्या बाजूने शिरला, शिडीच्या बाजूने नव्हे. आपल्या उत्तरपत्रिकांतील विधानाचा ओघ कदाचित तेथूनही येत असावा.

राहता राहिला मायमोनिडीस. बाराव्या शतकाच्या अखेरीस अरबीत लिहिलेल्या ‘संभ्रमितांचा मार्गदर्शक’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्याने देवदूतांना तत्त्वज्ञांच्या शुद्ध बुद्धितत्त्वांशी जोडले आहे. एवढे वाचून विद्यार्थी समजतात की, त्याने दूतांना निसर्गनियमच करून टाकले. परंतु तो स्पष्ट म्हणतो की, ही तत्त्वे आपल्या क्रिया जाणतात, निवडतात व शासन करतात. फक्त त्यांची निवड आपल्या निवडीसारखी नाही. आणि या मताला आधार म्हणून त्याने कोणती वचने घ्यावी? सदोमचीच! लोट जवळच्या सोअर या लहान गावात आश्रय मागतो, तेव्हा दूत त्याची विनंती मान्य करतो आणि ते गाव उलथणार नाही असे म्हणतो. ही सवलत मूळ कामगिरीत असल्याचे कथेत कोठेही सांगितलेले नाही. दूत ती स्वतःच्या तोंडाने, प्रथमपुरुषी एकवचनात देतो. आणि लगेच पुढच्या वचनात, तू तेथे पोचेपर्यंत मला काही करता येत नाही, असेही म्हणतो. रशीने या शेवटच्या उद्गारात शिक्षा पाहिली : ‘आम्ही’ म्हणणाऱ्यांना ‘माझ्या हाती नाही’ असे म्हणावयास लावले. मायमोनिडीसने त्याच उद्गारात निवड पाहिली. वचन एक, सर्वनाम एक. एकाला त्यात दूताचे परतंत्र असणे ऐकू आले, दुसऱ्याला स्वतंत्र असणे. दोन्ही वाचने यहुदी आहेत, दोन्ही अर्थापत्तीने टिकतात, आणि मजकुरात दोहोंपैकी एकाला बाद करणारे अक्षर नाही.

तत्त्वज्ञांच्या अरबीत निवडीला ‘इख्तियार’ म्हणतात. ज्या धातूपासून ‘खैर’ म्हणजे बरे, त्यापासूनच हा शब्द आला, म्हणजे बरे ते निवडणे. फारसीच्या वाटेने तो मराठीत येऊन ‘अखत्यार’ झाला आणि त्याचा अर्थ निवडीवरून अधिकाराकडे सरकला. एखादा कारकून ‘हे माझ्या अखत्यारीत नाही’ असे म्हणतो तेव्हा तो सोअरच्या वेशीवर लोटाची वाट पाहत थांबलेल्या त्या दूताचेच वाक्य, रशीच्या अर्थाने, मायमोनिडीसच्या शब्दात बोलत असतो.